जड आवाजाची सही

“हा माणूस कोण?” गाण्याच्या कंपनीच्या वकीलबाईंनी हेडफोन काढून विचारलं.

“तेच शोधतोय,” ठोक्या म्हणाला.

“मग लवकर शोधा. आज पाचपर्यंत त्याची सही आणा, नाहीतर गाण्यातून त्याचा आवाज काढा. विचारल्याशिवाय दुसऱ्याचा आवाज वापरायचा नाही. कंपनीत यावर चर्चा होत नाही.”

ठोक्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. दिसेल त्या वस्तूवर ताल धरायची लहानपणापासूनची खोड, म्हणून घरच्यांनी ठेवलेलं. तीच खोड पुढे पोटापाण्याला लागली. दहा वर्षं साबणाच्या जाहिरातींना ठेके लावून झाल्यावर त्याच्या हातून एकदाचं खरं गाणं झालं होतं.

पण त्या गाण्याचा जीव त्याचा नव्हता. भंगारवाल्याकडून त्याने एक जुनं टेप मशीन आणि पोतंभर टेपा उचलल्या होत्या. मशीनला झाकण नव्हतं, दिवा लागत नव्हता, दोनपैकी एक खटका जागचा हलत नव्हता. चालतंय ना, मग कशाला खाजवून खरूज काढा! एका डबीवर नुसतंच ‘माइक तपासणी’ लिहिलेलं होतं. त्या टेपवर कुणीतरी गुणगुणत होतं. संथ, भरदार, पुरुषी आवाज, आणि शेवटी कुठल्याशा परक्या भाषेतलं पुटपुटणं. ठोक्याला तो आशीर्वादच वाटला. त्याने गाणं त्याच्यावरच संपवलं होतं. तो आवाज काढला तर मागे उरणार पुन्हा साबणाची जाहिरात.

पोत्यावर एका बंद पडलेल्या स्टुडिओचा शिक्का होता. तिथले रेकॉर्डिस्टकाका दोनच गल्ल्या पलीकडे राहत होते. ठोक्याने त्यांचं दार वाजवलं, अर्थात तालात.

“तबला आणलास का बरोबर?” काकूंनी बोलत बोलतच दार उघडलं. “बस, चहा घे, मग काय ते काम सांग, हे आत आहेत, ऐकू नीट येतं पण ऐकत नाहीत कुणाचं.” काकूंचा आवाज शिट्टीसारखा पातळ होता आणि श्वास घेणं त्यांना मंजूर नव्हतं.

काकांनी ठोक्याचा फोन कानाशी धरून गाणं डोळे मिटून ऐकलं.

“हा आमच्याकडचा नाही,” ते म्हणाले. “माझ्या माइकसमोर उभा राहिलेला एकेक गळा मला पाठ आहे. इतकं रटाळ कुणी गायलं नाही. माझं काम सगळं झपाट्याचं. टेपसुद्धा कायम वेगात पळवायचो. टेप जास्त लागली तर लागू दे, आवाज स्वच्छ यायला हवा.”

काकूंनी फोन ओढून घेतला, ऐकलं आणि नाक मुरडलं.

“अगं बाई! हा सर्दी झालेला रेडा कुठून आणलास? आणि याच्या सहीसाठी तू वणवण करतोयस?”

“काकू, संगीतात जरा...”

“हो हो, मला काय कळणार! तीस वर्षं डबा घेऊन त्या स्टुडिओच्या बाकावर बसले मी. आल्यागेल्याचा आवाज टेप केला यांनी. बायकोचा एकदा तरी केला का, विचार.”

काका चष्मा पुसू लागले. मग त्यांनी जड आवाजाच्या दोन ओळखीच्या माणसांचे पत्ते लिहून दिले.

पहिला एक जुना निवेदक निघाला. त्याने चार सेकंद ऐकलं आणि पेनाकडे हात नेला.

“माझाच आवाज.”

“कधी गायलात हे?”

“ते कशाला? तुला सही हवी, मला गाण्यावर नाव हवं. कोण बघतंय?”

ठोक्याच्या हातातला कागद जरासा पुढे सरकला. तीन वाजून गेले होते. पण गेल्या वर्षी त्याचाच एक ठेका कुणीतरी न विचारता उचलला होता, तेव्हा दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नव्हतं. त्याने कागदाची घडी केली आणि उठला.

दुसरा समूहगायनातला पहाडी गडी होता. “माझा नाही,” तो हळहळत म्हणाला. “असता तर बरं झालं असतं.”

साडेचारला ठोक्या मूळ टेपच घेऊन पुन्हा काकांकडे आला. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय.

“काका, तुमच्या चांगल्या मशीनवर एकदा ऐका. नाहीच ओळखता आला, तर हा आवाज मी आत्ताच काढून टाकतो.”

काकांनी डबी हातात घेतली. तिच्यावरचं अक्षर बघितलं आणि त्यांचे कान लाल झाले.

“राहू दे रे,” ते पुटपुटले. “जुनी टेप आहे. तुटेल.”

“तुटली तर तुटू दे!” काकूंनी डबी काढून घेतली. “त्या रेड्याचा सोक्षमोक्ष लागू दे एकदा.” मशीनवरचं फडकं बाजूला करून तीस वर्षं बघून आलेल्या सराईतपणे त्यांनी टेप लावली आणि बटण दाबलं.

चाकं गरगर फिरू लागली. खोलीत एका तरुण मुलीचा पातळ, खट्याळ आवाज गुणगुणू लागला. भलतीच टेप आणली की काय, म्हणून ठोक्या डबी बघायला उठला आणि अर्ध्यावरच थबकला. चाल तीच होती, फक्त दुप्पट वेगात. त्याच्या मशीनचा अडकलेला खटका वेगाचा होता; तिथे हाच आवाज संथ आणि जड होत होता. काकूंच्या हातातलं फडकं खाली पडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या गप्प झाल्या होत्या. काकांनी कुणाकडेही न बघता ठोक्याच्या खिशातलं पेन काढलं आणि हळूच काकूंपुढे ठेवलं.

मग गुणगुणणं थांबलं, आणि ठोक्याचा आशीर्वाद मशीनमधून खणखणीत ऐकू आला:

“अहो, आटपलं का तुमचं? डबा गार होतोय!”