मोठ्यानं वाचा

फौजदारकाकांच्या हातातल्या पेपरचा उजवा कोपरा हळूहळू खाली घसरत होता. ग्रंथपाल बाई टेबलामागून ते बघत होत्या.

एरवी त्यांनी ढुंकूनही पाहिलं नसतं. दुपारी पेपरमागे डुलक्या काढणारे वाचनालयात काय कमी असतात! त्यांना उठवायचं नाही, हा इथला रिवाजच. त्यातून हे फौजदार. पोलिसात कधीच नव्हते, पण वाचन कक्षात कुणाची कुजबुजही खपवून घेत नसत, म्हणून पडलेलं नाव. तासाभरापूर्वीच खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला म्हणून ते बाईंवर खेकसले होते.

पण याच आठवड्यात दवाखान्यातल्या नर्सनं इथे, पुस्तकांच्या कपाटांमधे सगळ्यांना बसवून पक्षाघात कसा ओळखायचा ते शिकवलं होतं. हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, बोलतं करा. एकही खूण दिसली तर वेळ घालवू नका. फौजदारकाका तेव्हा तणतणत निघून गेले होते. "हे वाचनालय आहे की दवाखाना?"

बाई त्यांच्यापाशी गेल्या. "काका, जरा हसून दाखवा बघू."

शेजारच्या खुर्चीतल्या आजी फिस्सकन हसल्या. "अगं बाई, यांना लग्नातसुद्धा कुणी हसताना पाहिलं नसेल!"

काकांनी डोळे वटारले. तोंड वाकडं झालंय की नेहमीचंच आहे? बाईंना काही कळेना. "बरं, दोन्ही हात वर करा." काकांनी डाव्या हातानं त्यांना माशी हाकलावी तसं हाकललं. उजवा मांडीवरच राहिला. मुद्दाम की काय, कोण जाणे. अंदाज चुकला तर हा माणूस चारचौघांत अब्रू काढील, नर्सचे वर्ग बंद पाडील. आणि खरा ठरला तर?

बाईंनी पेपरातल्या मथळ्यावर बोट ठेवलं. "एवढी एक ओळ मोठ्यानं वाचा. मग मी तोंडातून शब्द काढणार नाही."

ब्याद टळावी म्हणून काकांनी घसा खाकरला आणि वाचलं.

त्यात शब्द एकही नव्हता. नुसता जड, बोबडा आवाज. आजींचं हसू जागच्या जागी विरलं.

"अँब्युलन्स बोलवा!" बाई जिवाच्या आकांतानं ओरडल्या. "तासाभरापूर्वी धड बोलत होते म्हणून सांगा!"

कुणी फोन लावला, कुणी फाटकाकडे धावलं. आजी पाण्याचा पेला घेऊन आल्या, तर बाईंनी तो अडवला. "नको आजी, ठसका लागेल."

काका मात्र मथळ्याकडेच बघत होते. त्यांनी पुन्हा वाचलं. पुन्हा तेच. मग अक्षरांखाली डाव्या हाताचं बोट फिरवत, पहिलीतल्या पोरासारखं, सावकाश. आपलाच आवाज ऐकून ते थांबले. डोळे भरून आले.

बाई खाली जमिनीवर बसल्या. काकांच्या बोटांतून पेपर सोडवून त्यांनी आपल्या हातात घेतला.

"राहू द्या काका," त्या म्हणाल्या. "आज मी वाचते, तुम्ही ऐका."

आणि सगळ्या कक्षाला ऐकू जाईल असं त्या वाचू लागल्या. काकांनी डाव्या हातानं त्यांचं मनगट घट्ट धरलं होतं.