अनासेतोची न्याहारी

"या मनांग, दोन घास खाऊन जा," अनासेतो समोरून जाणाऱ्या बाईला सवयीने म्हणाला. मनांग म्हणजे ताई.

फिलिपिन्समधल्या इलोकोसच्या बाजारात खायला बसलेला प्रत्येकजण येणाऱ्याजाणाऱ्याला असंच म्हणतो, आणि ऐकणारा "आत्ताच खाल्लं, तुमचं चालू द्या" म्हणून पुढे जातो. विचारायला काय जातं? पण पेर्पेतुआ पुढे गेली नाही. तिने स्टूल ओढलं, त्याच्यापुढचा वाफाळत्या पेजेचा वाडगा आपल्यापुढे घेतला आणि चमचा उचलला.

"खाते. भूक लागलीय," ती म्हणाली.

अनासेतोचं तोंड उघडंच राहिलं. एकदा बोलावलं की नाही म्हणता येत नाही, एवढी लाज त्यालाही होती. तो बघत बसला आणि ती सावकाश पेज खात राहिली, आल्याचा तुकडासुद्धा न सोडता. चव तिला कळतच नव्हती.

साडेसहाला त्याने इन्शुलिनची सुई घेतली होती. तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. शेजारच्या गावच्या आरोग्य केंद्रात ती झाडलोट करायची, आणि चार महिने हा माणूस टोपी डोळ्यांवर ओढून मागच्या दाराने तिथे यायचा. झाडणाऱ्या बाईकडे कोण बघतो? औषधही तो तिथल्याच फ्रीजमध्ये ठेवायचा. घरी ठेवलं असतं तर बभ्रा झाला असता. कारण सात वाजता हाच गृहस्थ बाजारात कारल्याच्या रसाचं दुकान मांडायचा आणि ओरडायचा, "सुया फेका! रोज एक पेला, साखर पळाली!" लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

तिच्या नवऱ्याने, लुसियोने, सुया फेकल्या होत्या. तीन आठवड्यांत तो गेला. शेवटच्या दिवशी पाणी पाणी करत होता आणि तरीही म्हणत होता, "आणखी एक पेला दे, रसाने उतरेल." तो पेला तिनेच त्याच्या तोंडाला लावला होता. त्याचा हिशेब ती आज चुकता करायला आली होती.

केंद्रातल्या नर्सबाई येईल त्याला बजावायच्या, सुई घेतली की अर्ध्या तासात खा. आणि सुईवर कारल्याचा रस ढोसू नका, साखर एकदम खाली जाते, माणूस हातचा जातो. पेर्पेतुआला ते फरशी पुसता पुसता पाठ झालं होतं.

वाडगा रिकामा झाला. तोवर गिऱ्हाइकांची गर्दी जमली होती.

"मनोंग, अहो दादा, आज आधी तुम्हीच पिऊन दाखवा ना," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

"मी रोजच पितो की!"

"मग एवढं काय बघताय पेल्याकडे? विष आहे का त्यात?"

लोक खो खो हसले. माघार घेतली असती तर धंदाच बसला असता. त्याने एक पेला घशाखाली उतरवला. टाळ्या पडल्या, म्हणून दुसरा.

"जरा दोन घास खाऊन येतो," तो उठू लागला.

"आधी या लिलांगचं तर ऐका! म्हातारं माणूस किती लांबून चालत आलंय."

लिलांग सेबिया काठी टेकत पुढे झाली. गावभर तिला लिलांग, म्हणजे आजी, म्हणूनच ओळखत. "बाळा, तुझ्या शब्दावर काल सगळ्या सुया चुलीत घातल्या बघ. आता तूच माझा डॉक्टर," ती म्हणाली आणि कुठे काय दुखतं ते अगदी पहिल्यापासून सांगू लागली. अनासेतो मान डोलावत राहिला. हळूहळू त्याच्या कपाळावर घाम फुटला. हात थरथरू लागले. पेला निसटला आणि तो खुर्चीत कोसळला.

"साखर..." तो पुटपुटला.

ते फक्त पेर्पेतुआला ऐकू आलं. ती जागची हलली नाही. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

"आपल्यासाठी राबून राबून ही दशा झाली हो!" कुणीतरी कळवळलं.

लिलांगने छातीवर क्रूस काढला. "संत माणूस! याचं काही बरंवाईट झालं तर मी याच्या नावाने मेणबत्ती लावीन आणि जन्मभर हाच रस पिईन."

पेर्पेतुआला एकदम उमगलं. हा मेला तर देव होईल. आणि ही म्हातारी लुसियोच्या वाटेने जाईल.

ती धावली. शेजारच्या खीरवालीच्या गाडीवरची काकवी वाटीभर घेतली आणि अनासेतोच्या ओठांना लावली. एक घोट, मग दुसरा. बऱ्याच वेळाने त्याची नजर ठिकाणावर आली. त्याने तिचं मनगट धरलं.

"मनांग, उपकार झाले. कुणाला बोलू नका," तो कुजबुजला.

"छे! मी कशाला बोलू?" ती म्हणाली, आणि वारा घालायला म्हणून त्याचा सदरा छातीपर्यंत वर केला.

पोटावर सकाळची गोल पट्टी तशीच चिकटलेली होती. भोवती सुयांचे बारीक काळेनिळे डाग.

लिलांग वाकली. तिचा हात आपसूक स्वतःच्या पोटाकडे गेला.

"माझ्या पोटावर आहेत तसेच," ती म्हणाली. "पोरी, मला नव्या सुया कुठे मिळतील गं?"

"केंद्र उघडं आहे. आत्ताच नेते तुम्हाला. आणि उद्यापासून हेही पुढच्या दाराने येतील, लिलांग. रांगेत पहिले हेच उभे असतील."

मग तिने वाटीतला शेवटचा घोट अनासेतोच्या तोंडात ओतला.

"प्या मनोंग, प्या. तुम्हाला मी आता इतक्यात मरू देणार नाही."