कुठवर आलं?

कल्पना करा, तुम्ही दवाखान्यातल्या लोखंडी खाटेवर पडला आहात. हाताला सलाईन लावलंय. आणि सगळ्या वॉर्डासमोर तुमचा मामा तुम्हाला खोटारडं म्हणतो आहे. कसं वाटेल?

जयवंता या पोरीला तसंच वाटत होतं.

"खरं सांग वं," रुपरावमामा म्हणाला. "दुखत होतं न? त्या नानाजी बुढ्याले वाईट वाटू नये म्हणून 'उतरलं' म्हणाली न तू?"

"नाही मामा. खरंच उतरलं होतं."

"उतरलं होतं, तर मरायले टेकली काहून?"

जयवंतानं वेणीच्या रिबिनीचं टोक बोटाला गुंडाळलं. ती चौथीत होती.

परवा सकाळी गावी, खाप्याला, गोवऱ्या काढताना तिच्या पायाला लाल विंचू डसला होता. आई, गोपिका, तिला उचलून शेजारच्या नानाजींकडे धावली. आजवर गावात ज्याला ज्याला विंचू डसला, त्याचं दुखणं नानाजींनी उतरवलं होतं. त्यांनी कडुनिंबाची डहाळी घेतली. मांडीपासून खाली फिरवत ते संथ सुरात मंत्र पुटपुटू लागले. मधेच विचारत, "कुठवर आलं वं पोरी?" "गुडघ्यावर." "आता?" "घोट्यावर." शेवटी कळ अंगठ्याशी येऊन विझली. दुखणं उतरलं म्हणजे विष उतरलं, असंच सारे समजले. जयवंताला भाकर वाढली. घास तोंडात असतानाच तिला दरदरून घाम फुटला, उलट्या झाल्या, हातपाय बर्फासारखे गार पडले. मग कुणाची तरी जीप, आणि नागपूरचा दवाखाना.

आता ती वाचली होती. पण नानाजी दोन दिवस व्हरांड्यातच बसून होते. आत यायची त्यांची हिंमत होत नव्हती. मामाचा शब्दन् शब्द त्यांना ऐकू जात होता.

"या बुढ्यापाशी आता कुत्रंही जाणार नाही," मामा म्हणाला.

"दादा, हळू बोल," गोपिका म्हणाली.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. बोलणं त्यांनीही ऐकलं होतं. खाटेच्या कडेवर बसून त्यांनी जयवंताला विचारलं, "खरंच उतरलं होतं?"

"खरंच."

"मग ती खोटं बोलत नाही," बाई मामाला म्हणाल्या. "नानाजींना आत बोलवा."

नानाजी दारापर्यंत आले आणि चौकट धरून उभे राहिले. आता आपल्याला बोलणी बसणार, अशी त्यांची खात्री होती.

बाईंनी जयवंताच्या पाठीवरून बोट फिरवलं. "या कण्याच्या आत एक जाड दोरी असते, मज्जारज्जू. पायातली कळ आधी तिथं पोचते. तिथं जणू एक दार असतं. दार उघडं असलं, तर कळ वर मेंदूत जाते आणि आपण ओरडतो. पण जवळ भरवशाचं माणूस असलं, जिवाला धीर आला, की मेंदूच खाली निरोप धाडतो. मग शरीर स्वतःच तयार केलेली, घरची अफू त्या दाराशी सोडतं. दार लोटलं जातं, कळ तिथंच अडते. शास्त्रज्ञांना ही घरची अफू फार उशिरा सापडली. तुमची पोर ती कधीपासून वापरते आहे."

"अन् विष?" मामानं विचारलं.

"ते रक्तातून जातं. त्याला या दाराशी काही घेणंदेणं नाही." मग त्या दाराकडे वळल्या. "नानाजी, यापुढं आधी गाडीत बसवा, मग मंत्र म्हणा. वाटभर म्हणा. लेकराला वाटेत धीर लागतोच."

मामानं मान खाली घातली. नानाजींनी चौकट सोडली नाही.

शेजारच्या खाटेवर नुकताच आणलेला लहानू नावाचा पोरगा किंचाळत होता. चिंचेवरून पडून त्याचा हात मोडला होता. इंजेक्शन दिलं होतं, पण ते चढायला वेळ होता आणि प्लास्टर अजून व्हायचं होतं. बाई त्याच तयारीला गेल्या.

"नानाजी," जयवंता म्हणाली, "याचं उतरवा न."

नानाजींनी मान हलवली. "मले नको म्हणू पोरी. माह्या तोंडातून आता शब्द निघत नाही."

जयवंता लहानूकडे वळली. मंत्र तिला ठाऊक नव्हता. नानाजींनी तो कुणालाच सांगितला नव्हता. कडुनिंबाची डहाळीही नव्हती. तिनं वेणीची लाल रिबीन सोडली. सलाईनचा हात सांभाळत ती कडेला सरकली आणि लहानूच्या खांद्यापासून खाली, हाताला न लावता, वरच्या वर रिबीन फिरवू लागली. अगदी नानाजींच्या संथ सुरात तिनं सुरुवात केली. तिला पाठ होतं तेच.

"सात एके सात... सात दुणे चौदा... सात त्रिक एकवीस... कुठवर आलं रे?"

लहानूनं हुंदका गिळला. रिबिनीकडे पाहत तो म्हणाला, "कोपरावर."

मग दारातून एक घोगरा आवाज आला.

"आता कुठवर आलं गा, बाबू?"

जयवंतानं वळून पाहिलं. खाटेवर थोडं सरकून तिनं नानाजींसाठी जागा केली, आणि पुढं म्हणाली, "सात चोक अठ्ठावीस."