अकरा ओळी

अंधांना कागद वाचून दाखवणारा प्रोग्रॅम त्यानं आठ जणांसोबत हौसेनं लिहिला होता. अट एकच: बदल करणाऱ्यानं तो सगळ्यांना खुला ठेवायचा. आता एक कंपनी प्रोग्रॅम लाखो फोनमध्ये घालायला तयार होती, अट काढली तरच. त्यासाठी लिहिणाऱ्या प्रत्येकाची संमती लागणार होती. सात जण राजी झाले. आठवी वारली होती, म्हणून तो संमतिपत्र घेऊन तिच्या अंध वडिलांकडे आला. “प्रोग्रॅममध्ये तिच्या अकराच ओळी आहेत, काका.” काकांनी कागद चाचपून फोनसमोर धरला. फोन सावकाश वाचू लागला. हाच सावकाशपणा लेकीनं बापासाठी त्या ओळींत लिहिला होता. “कंपनीनं उद्या हे सावकाश वाचणं काढून टाकलं, तर तुला परत घालता येईल?” “त्यांच्या फोनमध्ये नाही.” “पण लाखोंना वाचता येईल?” “हो.” “मग सही कुठे करायची, दाखव.” त्यानं त्यांचा हात धरला, पण रेघेपर्यंत नेणं त्याच्याच्यानं होईना.