फाटकावरचा टॉवेल

वणवा ओढा ओलांडून अलीकडे आला होता. घर सोडून निघताना फाटकाला पांढरा टॉवेल बांधायचा, म्हणजे बंबवाले तिथे माणसं शोधत बसत नाहीत, ही कॅलिफोर्नियातल्या त्या खोऱ्याची रीत. ऑर्विलने तो आधीच बांधून टाकला.

"अरे, आपण अजून घरातच आहोत की!" त्याची बायको व्हेरा ओरडली.

"तुझं आवरेपर्यंत घराचा कोळसा होईल. माझं तेवढं एक काम तरी उरकलं."

शेवटी मांजरीची टोपली मांडीवर घेऊन ती गाडीत बसली. ऑर्विलने किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. सकाळपासून त्याच गाडीतल्या रेडिओवर तो वणव्याच्या बातम्या ऐकत होता. बॅटरी पार उतरली होती. मागच्या अंगणातला पाइन भडकला.

तेवढ्यात रस्त्यावर लाल दिवा दिसला.

"बंब आला गं!" ऑर्विल धुरातून फाटकाकडे धावत सुटला. अर्ध्या वाटेत खोकल्याने त्याचा घसा आवळला, आवाजच फुटेना.

बंब फाटकाशी थांबला. विजेरीचा झोत टॉवेलवर पडला.

"शहाणी माणसं, वेळेत निघाली," कुणीतरी समाधानाने म्हणालं. "चल, पुढचं घर बघू."