समासातलं प्रवचन

"बाईमाणसाला पुस्तकं हवीत कशाला?" असं म्हणत पाद्रीबाबांनी मार्जरीचं पुस्तक परस्पर तिच्या नवऱ्याकडून नेलं होतं. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात बायकोचं पुस्तकही नवऱ्याच्याच मालकीचं!

रविवारी बाबा चर्चमध्ये प्रवचनाला उभे राहिले आणि मार्जरीने कान टवकारले. पुस्तकाच्या समासात तिने बारीक अक्षरात लिहिलेलं सगळं हे महाशय स्वतःचं म्हणून घडाघडा बोलत होते. तिने चुकून बायबलमधल्या नोहाचे तीनाऐवजी चार मुलगे लिहिले होते. बाबांनीही चारच सांगितले.

"याला म्हणतात विद्वत्ता! तुझ्या डोक्यात शिरतंय का काही?" नवरा कुजबुजला.

प्रवचन संपल्यावर ती सगळ्यांदेखत बाबांसमोर उभी राहिली.

"माझं पुस्तक परत द्या, बाबा. तुमचं पुढच्या रविवारचं प्रवचन लिहायचं राहिलंय."