एका छपराखाली वेगळे

व्हर्ना दार न वाजवताच आत आली. साक्षीदाराने दार वाजवून यायचं नसतं, असं तिचं मत होतं. धाकटा भाऊ होबार्ट आणि भावजय आयव्हा वर्षभर एकाच घरात वेगळे राहिले, तो तळघरात, ती वर, हे तिला उद्या वकिलासमोर शपथेवर सांगायचं होतं. व्हर्जिनियात घटस्फोटाला एवढं वेगळेपण आणि एक साक्षीदार लागतो. वकिलाने सुरुवातीलाच बजावलं होतं: एकाने रांधलेलं दुसऱ्याने खायचं नाही, एकमेकांचे कपडे धुवायचे नाहीत, चर्चमध्ये एका बाकावर बसायचं नाही. नाहीतर वर्ष पुन्हा पहिल्यापासून.

स्वयंपाकघरात होबार्ट घेवड्याच्या सूपमध्ये मक्याचा पाव बुडवून खात होता. आयव्हा डाव घेऊन शेजारी उभी.

"हे कोणी शिजवलं?" व्हर्नाने विचारलं.

"मी. माझ्यापुरतं. जरा जास्त झालं."

"किती जास्त?"

"एक होबार्टभर," होबार्ट म्हणाला.

"तू गप्प बस," आयव्हा म्हणाली. "तू तळघरात आहेस."

व्हर्नाची नजर भावाच्या कडक कॉलरवर गेली. या माणसाने जन्मात इस्त्रीला हात लावला नव्हता.

"आणि शर्ट?"

"इस्त्री तापलेलीच होती," आयव्हा म्हणाली. "वीज काय फुकट येते?"

"म्हणजे चर्चचं बाक तेवढं राहिलं!"

"बाक वेगळंच आहे," होबार्ट घाईने म्हणाला. "मी हिच्या मागच्याच बाकावर बसतो."

व्हर्ना खुर्चीत टेकली. घटस्फोट आयव्हाला हवा होता. होबार्ट नको म्हणाला नव्हता, इतकंच. रोनोक शहरात आयव्हाच्या बहिणीने तिच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती. आणि व्हर्ना आयुष्यात कधी खोटी शपथ घ्यायला गेली नव्हती.

"आज मी इकडे आलेच नाही, असं धरू," ती शेवटी म्हणाली. सोपं गेलं नाही तिला. "आयव्हा, उद्या काय सांगू ते तूच सांग. वेगळे होता म्हणू?"

होबार्टचा चमचा हवेतच थांबला.

आयव्हाने चुलीची आच कमी केली. पुन्हा वाढवली.

"बायबलवर हात ठेवून या वयात खोटं बोलायला लावू होय तुला?" ती म्हणाली. "वर्ष नव्याने धर."

"कधीपासून धरू?"

आयव्हाने होबार्टच्या वाडग्यात आणखी एक डाव ओतला.

"थांब जरा. त्याचं जेवण होऊ दे."